डोंगराच्या पोटांतील अग्निबाण



१९४४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ८ तारखेस, सायंकाळच्या सुमारास, लंडनच्या चिझिक नामक उपनगरांत एका निवांत रस्त्यावर प्रचंड स्फोट झाला आणि तीन माणसें प्राणास मुकलीं. विमानाची घरघर कोणी ऐकली नव्हती. धोक्याचा भोंगाहि झाला नव्हता. जी वस्तु येऊन पडली ती ध्वनीहून अधिक वेगानें आली होती, म्हणून तिच्या येण्याचा आवाज ती आदळून गेल्यावर मागाहून ऐकूं आला. त्याच दिवशीं सकाळीं पॅरिसच्या परिसरांतहि अशीच एक वस्तु पडली होती. जर्मनीनें सोडलेले ते अग्निबाण होते. सुमारें १४ मीटर उंची, शेंड्याशीं जवळजवळ एक टन वजनाचा स्फोटक भाग, आणि पोटांत मद्यार्क व द्रवरूप प्राणवायु. 'व्ही-२' या नांवानें जगाला त्यांची ओळख झाली.

या अग्निबाणाची जन्मकथा सांगण्याची एक ठरून गेलेली रीत आहे. वेर्नर फॉन ब्राउन नांवाचा एक बुद्धिमान तरुण, बाल्टिक समुद्रकांठचें पेनेमुंडे हें प्रयोगक्षेत्र, तेथील अपयशें, मग पहिलें यशस्वी उड्डाण, पुढें अमेरिकेस प्रयाण, आणि शेवटीं चंद्र. ही कथा खोटी नाहीं. परंतु तींत एका साध्या प्रश्नास जागा नसते. आराखडा कागदावर काढणारा एक असतो, आणि पत्रा कापणारा, नळ्या जोडणारा, जड सांगाडा खांद्यावर वाहणारा दुसरा असतो. युद्ध संपेपर्यंत जर्मनीनें असे जवळजवळ सहा हजार बाण बनविले. ते कोणाच्या हातांनीं बनले, कोठें बनले, आणि त्या हातांचें पुढें काय झालें, एवढेंच मला आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रारंभ पेनेमुंडे येथूनच करावा लागतो. १९४३ च्या एप्रिल महिन्यांत तेथील कारखान्याचा एक प्रमुख एंजिनिअर, आर्थर रुडॉल्फ, हा बर्लिनजवळच्या ओरानियेनबुर्ग येथें हाइंकेल कंपनीचा विमानांचा कारखाना पाहावयास गेला. त्या कारखान्यांत झाक्सेनहाउझेनच्या छळछावणींतील कैदी कामास लावलेले होते. रुडॉल्फनें तेथील सारी व्यवस्था बारकाईनें पाहिली आणि परत येऊन लेखी अभिप्राय दिला कीं, अग्निबाणांच्या कामावरहि असेच कैदी आणावे. कैदी ठेवल्यानें काम तर होतेंच, शिवाय कामाची गुप्तताहि नीट राखली जाते, असें त्याला आढळून आलें होतें. गुप्तता राखली जाण्याचें कारण उघड आहे. ज्याला बाहेर जातांच येत नाहीं तो बाहेर काय सांगणार? जून महिन्यांत पहिले कैदी पेनेमुंडेस पोंचलेहि. ही तारीख मी मुद्दाम सांगतों. कारण पुढें अनेकांनीं असें भासविलें कीं, गुलामांचा हा बाजार 'एस्. एस्.' या हिटलरच्या काळ्या गणवेषाच्या दलानें शास्त्रज्ञांच्या गळीं बळेंच बांधला. कागदपत्रांवरून तसें दिसत नाहीं. मागणी कारखान्याकडून गेली, पुरवठा एस्. एस्. नें केला.

ऑगस्टच्या १७ तारखेच्या रात्रीं इंग्रजांच्या सुमारें सहाशें विमानांनीं पेनेमुंडेवर हल्ला चढविला. त्यांत कांहीं शास्त्रज्ञ मेले, आणि शेजारच्या छावणींतले परदेशी मजूर त्यांहून कितीतरी अधिक मेले. उघड्यावर हें काम यापुढें चालणार नाहीं, तें जमिनीखालीं गेलें पाहिजे, असें ठरलें. हिटलरची संमति मिळाली, हिमलरनें आपल्या ताब्यांतील कैदी देऊं केले, आणि बांधकामाची सूत्रें हान्स कामलर नांवाच्या एस्. एस्. अधिकाऱ्याकडे आलीं. हा कामलर स्वतः स्थापत्यशास्त्राचा डॉक्टर होता, आणि आउश्विट्झच्या दहनभट्ट्यांचें बांधकाम त्याच्याच खात्यानें केलें होतें. निर्णय झाल्यावर त्यानें वेळ गमावला नाहीं. बाँबहल्ल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, २८ ऑगस्ट १९४३ रोजीं, बुखेनवाल्डच्या छळछावणींतून १०७ कैद्यांची पहिली तुकडी एका डोंगराच्या पायथ्याशीं उतरविण्यांत आली.

हा डोंगर म्हणजे कोनश्टाइन. जर्मनीच्या मध्यभागीं हार्ट्स नांवाची पर्वतराजी आहे; तिच्या दक्षिणेच्या अंगास नॉर्डहाउझेन हें जुनें शहर, आणि शहरापासून थोड्या अंतरावर हा डोंगर. त्यांतून जिप्समच्या जातीचा एक खनिज दगड काढीत असत, आणि पुढें सरकारी कंपनीनें तेलाचे साठे लपविण्यासाठीं त्यांत बोगदे खोदावयास घेतले होते. आपण जमिनीवर एक शिडी आडवी ठेवली आहे अशी कल्पना करा. शिडीचे दोन उभे दांडे म्हणजे डोंगराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारे दोन समांतर बोगदे, प्रत्येकाची लांबी पावणेदोन किलोमीटरांच्या वर. आणि शिडीच्या पायऱ्या म्हणजे त्या दोहोंस जोडणारीं ४६ आडवीं दालनें. आगगाडी एका तोंडानें आंत जावी, माल घेऊन दुसऱ्या तोंडानें बाहेर पडावी, इतके ते बोगदे रुंद होते. १९४३ च्या उन्हाळ्यांत मात्र ही शिडी पुरी झाली नव्हती. एक बोगदा डोंगराच्या दुसऱ्या अंगास अद्याप फुटावयाचा होता, आणि जो भाग खोदून झाला होता तोहि कारखाना होण्यास योग्य नव्हता. तेलाच्या प्रचंड टाक्या बाहेर काढावयाच्या, जमीन सपाट करावयाची, रूळ टाकावयाचे, यंत्रें आणून बसवावयाचीं, आणि हें सर्व हिंवाळा संपण्याच्या आंत.

या ठिकाणाला 'डोरा' असें नांव देण्यांत आलें. छावणी म्हटली म्हणजे निदान कांहीं बराकी, एक कुंपण, थोडें मोकळें मैदान आपल्या डोळ्यांपुढें येतें. डोराला पहिले कित्येक महिने छावणीच नव्हती. कैदी बोगद्यांतच राहत. दक्षिणेकडच्या शेवटच्या चार दालनांत लांकडी फळ्यांचे चार चार मजले एकावर एक उभे केले होते. त्यांवर माणसें झोंपत. पाळ्या दोन, प्रत्येक पाळी बारा तासांची. एक पाळी कामास उठली कीं दुसरी पाळी त्याच फळ्यांवर, त्याच ओलसर गवतावर अंग टाकी, म्हणजे ती जागा कधीं रिकामी नसे. शेजारींच सुरुंग उडत. रात्र आणि दिवस हा भेद डोंगराच्या पोटांत नव्हताच; दगडाची भुकटी व सुरुंगांचा धूर यांनीं भरलेली हवा, वर लोंबणारे मंद दिवे, आणि बारमाही थंडी. पिण्यास पुरेसें पाणी नाहीं, अंग धुण्यास मुळींच नाहीं. कित्येक जण भिंतींवरून पाझरणारें पाणी चाटीत. शौचासाठीं तेलाचीं पिंपें मधोमध कापून त्यांवर फळी टाकलेली असे, आणि तीं पिंपें झोंपण्याच्या दालनांजवळच ठेवलेलीं. उघडें आकाश आठवड्यांतून एकदां दिसे, तेंहि शिरगणतीसाठीं बाहेर नेऊन तासन्‌तास उभें केल्यावर.

वर्षअखेर डोऱ्यांतील कैद्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. रशियन, पोलिश व फ्रेंच यांचा भरणा मोठा होता. त्यांखेरीज जर्मन राजकीय कैदी, आणि इटलीनें बाजू बदलल्यावर पकडलेले इटालियन शिपाईहि होते. फ्रेंचांमध्यें बहुतेक जण गुप्त प्रतिकार-चळवळींत धरले गेलेले. शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, रेल्वेचे कामगार. त्यांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे पातळ कपडे आणि पायांत लांकडी तळव्यांचे जोडे. सकाळीं काळें कडवट पाणी, ज्याला कॉफी म्हणावयाचें. दुपारीं किंवा रात्रीं पातळ सार. आणि पावाचा एक तुकडा. एवढ्यावर टनावारी वजनाचीं यंत्रें दोरांनीं ओढून आंत न्यावयाचीं. वर यारी नाहीं, खालीं चाकें नाहींत, असें असतां तें ओझें घसरलें तर त्याखालीं कोण सांपडलें याची चौकशी होत नसे. न्यूमोनिया, क्षय, आमांश यांनीं माणसें पटापट जाऊं लागलीं. आरंभीं डोऱ्यांत दहनभट्टी नव्हती, म्हणून प्रेतें मोटारींत भरून बुखेनवाल्डला परत पाठवीत. तेथील कैदी त्या मोटारी पाहत, आणि 'डोरा' हा शब्द निघतांच त्यांच्या तोंडचें पाणी पळे.

मार्च १९४४ च्या अखेरपर्यंत, म्हणजे सात महिन्यांत, डोऱ्यांत सुमारें २,९०० माणसें मेलीं. हा आंकडाहि पुरता नव्हे. काम करण्याची शक्ति उरली नाहीं अशा आणखी सुमारें तीन हजार माणसांना तीन गाड्यांतून मायडानेक आणि बेर्गेन-बेल्झेन येथें धाडून देण्यांत आलें. त्यांतून फारच थोडे वांचले. परंतु ते मेले ते दुसऱ्या छावणींत, म्हणून डोऱ्याच्या मृत्युसंख्येंत त्यांची नोंद नाहीं. हिशेब स्वच्छ ठेवण्याची ही युक्ति होती, आणि ती केवळ डोऱ्यांतच वापरली गेली असें नाहीं.

आतां आपणांपैकीं कोणी विचारील कीं, युद्धाच्या ऐन भरांत मजुरांची वाण असतां मजूर असे मारून टाकण्यांत जर्मनीला कोणता लाभ होता? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर नुसत्या द्वेषांत शोधून भागत नाहीं. एस्. एस्. च्या अर्थखात्याचा प्रमुख ओस्वाल्ड पोल यानें ३० एप्रिल १९४२ रोजीं सर्व छावणीप्रमुखांना एक हुकूम पाठविला होता. कैद्यांचें काम शब्दशः शक्ति संपवून टाकणारें असलें पाहिजे, कामाच्या तासांना मर्यादा नाहीं, ते छावणीप्रमुखानें ठरवावे, असा त्याचा आशय. यामागील हिशेब कळण्यास कठीण नाहीं. गुलाम जेव्हां पैसे देऊन विकत घ्यावा लागे तेव्हां धन्याला निदान त्याच्या जगण्याची काळजी असे, जशी बैलाची असते. येथें माणूस विकत घ्यावा लागत नव्हता. कारखाना कैद्यामागें दिवसाचें भाडें एस्. एस्. ला देई, कैद्याच्या हातीं त्यांतील कांहींहि येत नसे. एक कैदी मेला तर कारखान्याचें नुकसान काय? दुसऱ्या दिवशीं त्याच भाड्यांत दुसरा येई. युरोपभर पसरलेल्या छावण्या म्हणजे जणूं न आटणारी विहीर, असा समज होता. ज्या वस्तूचा पुरवठा अमाप आहे ती जपून वापरण्याचें कारण राहत नाहीं.

याच्या शेजारीं दुसरा हिशेब ठेवून पाहा. सप्टेंबर १९४३ मध्यें या कामासाठीं 'मिट्टेलवेर्क' नांवाची एक रीतसर कंपनी स्थापन झाली. तिचे संचालक होते, कचेरी होती, टंकलेखनिक होते. १९ ऑक्टोबर रोजीं जर्मन सैन्यानें या कंपनीला १२,००० अग्निबाणांची मागणी लेखी नोंदविली. किंमत, एका बाणास ४०,००० मार्क. म्हणजे एकंदर ४८ कोटी मार्कांचा ठेका. महिन्याला किती बाण पाहिजेत तेंहि ठरलें. या तारखा आणि हे आंकडे पाळावयाचे म्हणून पहिल्या हिंवाळ्यांत कामाचा क्रम असा लागला कीं, आधीं बोगदे, मग यंत्रें, आणि माणसांसाठीं बराकी सर्वांत शेवटीं. बराकी बांधण्यांत लाकूड, सिमेंट आणि मजुरीचे तास खर्च होतात; ते तास अग्निबाणांच्या तासांतून वजा झाले असते. यंत्रांना गंज चढूं नये म्हणून दालनें कोरडीं राखण्याची तजवीज झाली. त्याच डोंगरांत पन्नास पावलांवर माणसें ओल्या भिंतींस टेकून खोकत होतीं. पहारेकरी मारहाण करीत हें खरेंच. पण त्या हिंवाळ्यांत बहुतेक माणसें मेलीं तीं काठीनें नव्हे. तीं वेळापत्रकानें मेलीं.

१० डिसेंबर १९४३ रोजीं शस्त्रास्त्र-खात्याचा मंत्री आल्बर्ट स्पेअर हा बोगदे पाहावयास आला. परत गेल्यावर आठवड्याभरानें त्यानें कामलरला पत्र लिहून, जवळजवळ दोन महिन्यांत रिकाम्या बोगद्यांचा कारखाना केल्याबद्दल त्याची तोंड भरून स्तुति केली. असें काम युरोपांत दुसरीकडे कोठें झालेलें नाहीं, असा त्याचा सूर होता. युद्धानंतर वीस वर्षांची कैद भोगून बाहेर आल्यावर याच स्पेअरनें आपल्या आठवणी १९६९ सालीं प्रसिद्ध केल्या. त्यांत तो सांगतो कीं, तेथील दृश्य इतकें भयंकर होतें कीं बरोबरच्या कांहीं अधिकाऱ्यांना मन ताळ्यावर आणण्यासाठीं रजेवर पाठवावें लागलें. दोन्ही गोष्टी एकाच माणसानें एकाच भेटीविषयीं लिहिल्या आहेत. पहिलें पत्र कामलरच्या टेबलावर गेलें तेव्हां डोऱ्यांत रोज माणसें मरत होतीं. दुसरा मजकूर वाचकांच्या हातीं पडला तो पंचवीस वर्षांनीं.

१९४४ च्या वसंत ऋतूंत कारखाना उभा राहिला आणि डोंगराबाहेर बराकींची छावणी बांधण्यांत आली. उन्हाळ्याच्या आरंभीं शेवटचे कैदी बोगद्यांतील फळ्यांवरून बाहेर आले. मृत्युसंख्या कांहींशी खालीं आली, आणि याचें कारण कोणाच्या मनांत दया उपजली हें नव्हे. बाण जोडण्याचें काम नाजूक होतें. विजेच्या तारा, झडपा, गतिमापक चक्रें यांस शिकलेला हात लागे, आणि असा हात तयार करण्यांत वेळ जाई. म्हणून ज्यांना बाणांच्या जोडकामावर घेतलें त्यांचें जगणें कांहींसें सुसह्य झालें. असे सुमारें पांच हजार कैदी होते, आणि त्यांच्याबरोबर कांहीं हजार जर्मन नागरी कामगार व एंजिनिअर. हे जर्मन रोज सकाळीं घरून येत आणि काम संपलें म्हणजे घरीं जात. त्यांतले कांहीं चोरून पावाचा तुकडा देत. कांहीं मारीत. १९४४ च्या जूनमध्यें छावणीच्या प्रमुखालाच कारखान्यास लिहावें लागलें कीं, नागरी माणसें क्षुल्लक कारणावरून कैद्यांना मारतात, टोंकदार हत्यारांनीं जखमी करतात, तरी तसें करूं नये. अपराध्याचें नांव एस्. एस्. ला कळवावें, शिक्षा आम्ही करूं. हें पत्र वाचतांना हसावें कीं रडावें तें समजत नाहीं.

या उन्हाळ्याचीं दोन प्रकारचीं चित्रें आज आपल्याला उपलब्ध आहेत. हिटलरच्या मर्जींतला छायाचित्रकार वाल्टर फ्रेंट्स यानें या वेळीं बोगद्यांत जाऊन रंगीत छायाचित्रें घेतलीं. तीं अनेक वर्षें अडगळींत पडून राहिलीं आणि १९९८ मध्यें उजेडांत आलीं. त्यांत कैद्यांचे पट्ट्यांचे कपडे स्वच्छ आहेत, चेहरे गंभीर आहेत, हात तारांच्या जंजाळांत गुंतले आहेत. एखाद्या नमुनेदार कारखान्याचें जाहिरातीचें चित्र शोभावें. दुसरीं चित्रें लेआँ देलार्ब्र या फ्रेंच चित्रकाराचीं. हा बेलफोर येथील वस्तुसंग्रहालयाचा व्यवस्थापक. प्रतिकार-चळवळींत भाग घेतला म्हणून पकडला गेला आणि अखेर डोऱ्यास आला. कागदाचे जे कपटे हाताला लागतील त्यांवर तो पेन्सिलीनें रेखाटनें करी आणि लपवून ठेवी. सांपडलीं असतीं तर मरणच होतें. त्याच्या रेघांत एकहि माणूस ताठ उभा नाहीं. तीं रेखाटनें तो आपल्याबरोबर बाहेर घेऊन आला आणि १९४५ सालींच तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. फ्रेंट्सचें यंत्र खोटें बोललें असें मी म्हणत नाहीं. त्याला जें दाखविलें तें त्यानें टिपलें. मात्र ज्या दालनांत दिवे चांगले होते तेथेंच त्याला नेलें असावें, असें मला वाटतें.

आणि सारेच कैदी बाणांच्या कामावर नव्हते. बहुसंख्य नव्हतेच. ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस डोरा ही बुखेनवाल्डपासून निराळी, 'मिट्टेलबाउ' या नांवाची स्वतंत्र छळछावणी झाली आणि आसपास तिच्या सुमारें चाळीस शाखा पसरल्या. कामलरला आणखी डोंगर पोखरावयाचे होते. विमानांचे कारखाने, तेलाचे कारखाने, सारें जमिनीखालीं न्यावयाचें होतें. एलरिश येथील शाखेंतले कैदी या खोदकामावर असत. पहांटे उठून गणती, मग गाडीची वाट पाहणें, मग बारा तास दगड फोडणें, परत येऊन पुन्हां गणती. झोंपेला उरे तें चार-पांच तास. त्या हिंवाळ्यांत एलरिश येथें कपड्यांचा असा तुटवडा पडला कीं, कित्येक कैदी अंगावर घालावयास कांहीं नाहीं म्हणून कामास जाऊं शकले नाहींत. हे दगड फोडणारे हात शिकलेले नव्हते. त्यांची जागा कोणीहि भरून काढूं शकत होता, आणि म्हणून जे जुन्या डोऱ्यांत झालें तें येथें पुन्हां झालें. खोदलेल्या यांपैकीं बहुतेक बोगद्यांत एकहि यंत्र कधीं फिरलें नाहीं.

बाणांवर काम करणाऱ्यांस निराळें भय होतें. तयार बाणांत दोष फार निघत. कांहीं दोष घाईचे, कांहीं आराखड्याचे. आणि कांहीं मुद्दाम केलेले. एखादा सांधा कच्चा जोडावा, एखादा पेंच सैल ठेवावा, याहून अधिक कांहीं करणें शक्य नव्हतें, आणि एवढ्यासाठींहि गळफास ठेवलेला असे. किती घातपात खरोखर झाले हें ठरविणें अवघड आहे, कारण संशयावरूनच शिक्षा होई. बुटाला बांधण्यासाठीं कातड्याची पट्टी कापून घेतली तरी तो घातपात ठरे. १९४५ च्या पहिल्या कांहीं महिन्यांत शंभराहून अधिक कैदी फांशीं देण्यांत आले, त्यांत रशियन अधिक होते. कांहींना तर बोगद्यांतच, अग्निबाण उचलण्याच्या विजेच्या यारीला लटकविलें. ओरडतां येऊं नये म्हणून तोंडांत लांकडाचा तुकडा आडवा घालून तो तारेनें मागें बांधलेला असे. पाळी बदलतांना आंत जाणारे आणि बाहेर पडणारे, कैदी तसेच जर्मन, या लोंबत्या देहांना चुकवीत त्यांच्या शेजारून जात. ज्या यारीनें बाण उचलावयाचे तिचा हा उपयोग एंजिनिअरांच्या दृष्टीस पडला नाहीं, असें मानणें फार कठीण आहे.

या बाणांनीं युद्धाचा निकाल बदलला नाहीं. लंडन आणि ॲन्टवर्प हीं त्यांचीं मुख्य लक्ष्यें. ॲन्टवर्पच्या रेक्स या चित्रपटगृहावर १६ डिसेंबर १९४४ रोजीं एक बाण पडला आणि एका क्षणांत ५६७ माणसें मेलीं. इंग्लंडांत या बाणांनीं एकंदर २,७०० वर बळी घेतले. सगळीकडचे मिळून पांच हजारांच्या आसपास. मिट्टेलबाउच्या छावण्यांत आणलेल्या सुमारें ६०,००० कैद्यांपैकीं निदान २०,००० मेले. ते सर्वच बाणांपायीं गेले असें म्हणतां यावयाचें नाहीं, कारण खोदकामावरचे त्यांत पुष्कळ आहेत. परंतु बारकाईनें हिशेब करणारे इतिहासकारहि दहा हजारांच्या खालीं येत नाहींत. शत्रूच्या शहरावर पडून त्यानें जितके मारले त्याच्या दुप्पट तरी, तो तयार होतांनाच मेले होते. बाणाच्या पोटांत जो मद्यार्क भरीत तो बव्हंशीं बटाट्यांपासून काढलेला असे, ही गोष्ट एलरिशच्या उपाशी कैद्यांस ठाऊक होती कीं नाहीं कोण जाणे.

शेवट असा झाला. १९४५ च्या जानेवारीपासून आउश्विट्झ व ग्रोस-रोझेन या पूर्वेकडच्या छावण्या रिकाम्या करून हजारों अर्धमेल्या कैद्यांना, त्यांत ज्यू पुष्कळ होते, मिट्टेलबाउकडे आणण्यांत आलें. जे कामाचे नव्हते त्यांना नॉर्डहाउझेन शहरांतील बोएल्के नांवाच्या सैनिकी बराकींत, मोटारी ठेवण्याच्या जागेंत, नुसतें टाकून दिलें. ३ व ४ एप्रिल रोजीं इंग्रजी विमानांनीं शहरावर बाँब टाकले तेव्हां या बराकींतील हजारावर कैदी मित्रांच्याच बाँबनीं मेले. उरलेल्या छावण्यांतील कैद्यांना एस्. एस्. नें गाड्यांतून व पायीं उत्तरेकडे हांकलें. त्यांतल्या कांहींना १३ एप्रिल रोजीं गार्डेलेगेन गांवाबाहेर एका धान्याच्या कोठारांत कोंडून आग लावण्यांत आली. तेथें १,०१६ प्रेतें मिळालीं. ११ एप्रिल रोजीं अमेरिकन सैन्य नॉर्डहाउझेनला पोंचलें. प्रेतांच्या राशींमधून त्यांनीं कांहीं शेंकडा जिवंत माणसें वेगळीं काढलीं, आणि शहरांतल्या नागरिकांना मृतांस मूठमाती देण्याच्या कामास लावलें.

त्याच सुमारास दुसरे अमेरिकन अधिकारी बोगद्यांत शिरले. दिवे अद्याप लागत होते, अर्धवट जोडलेले बाण रुळांवर ओळीनें उभे होते. तो प्रदेश रशियनांच्या ताब्यांत जावयाचा ठरला होता; त्याआधीं अमेरिकनांनीं सुमारें शंभर बाणांचे भाग आगगाड्यांत भरून ॲन्टवर्पला नेले, आणि तेथून जहाजांनीं न्यू ऑर्लिन्स बंदरास पाठविले. ज्या ॲन्टवर्पवर ते पडावयाचे होते त्याच ॲन्टवर्पहून ते सुखरूप रवाना झाले. पाठोपाठ माणसेंहि गेलीं, म्हणजे ज्यांनीं आराखडे काढले तीं. फॉन ब्राउन व रुडॉल्फ त्यांत होते.

डोऱ्याचा पहिला खटला अमेरिकनांनीं १९४७ मध्यें डाखाउ येथें चालविला. आरोपी १९, बहुतेक एस्. एस्. चे पहारेकरी आणि कांहीं कैद्यांमधून नेमलेले मुकादम. एकाला फांशी झाली, चौघे सुटले. मिट्टेलवेर्क कंपनीचा मुख्य संचालक गेओर्ग रिकहाय हा एकटाच कारखान्याच्या बाजूचा आरोपी होता, आणि सुटलेल्या चौघांत तो होता. काठी ज्याच्या हातांत होती त्याला न्यायालय ओळखूं शकलें. वेळापत्रक ज्याच्या हातांत होतें त्याच्यावर बोट ठेवणें त्याला साधलें नाहीं.

दुसरा खटला पश्चिम जर्मनींत एसेन येथें १९६७ सालीं उभा राहिला. त्यासाठीं फॉन ब्राउनची साक्ष हवी होती. तो १९४० पासून एस्. एस्. चा सभासद होता. १५ ऑगस्ट १९४४ चें त्याचें एक पत्र उपलब्ध आहे, त्यांत त्यानें आपण स्वतः बुखेनवाल्डला जाऊन योग्य कैदी निवडल्याचें लिहिलें आहे. परंतु आतां तो अमेरिकेच्या अवकाश-संशोधनाचा कीर्तिमान् धुरीण होता, आणि एसेनला गेला नाहीं. १९६९ च्या फेब्रुवारींत न्यू ऑर्लिन्स येथील जर्मन वकिलातींत त्याचा जबाब घेण्यांत आला. बोगद्यांत आपण अनेकदां गेलों, तेथील हाल पाहिले. पण मेलेला किंवा फांशीं दिलेला माणूस आपल्या पाहण्यांत आला नाहीं, असें त्याचें नेहमींचें म्हणणें असे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्याच्या देखरेखीखालीं तयार झालेला सॅटर्न-५ हा अग्निबाण माणसांना घेऊन चंद्राकडे गेला. त्या सॅटर्नच्या कामाचा प्रमुख व्यवस्थापक म्हणून आर्थर रुडॉल्फनें कांहीं वर्षें काम केलें होतें. एसेनचा निकाल १९७० मध्यें लागला. रुडॉल्फची पाळी १९८४ मध्यें आली. अमेरिकन सरकारनें डोऱ्याविषयीं चौकशी आरंभिली तेव्हां खटल्यास तोंड देण्याऐवजीं त्यानें त्या देशाचें नागरिकत्व सोडलें आणि तो जर्मनीस परतला.

कोनश्टाइनच्या बोगद्यांचीं तोंडें रशियनांनीं १९४८ सालीं सुरुंगांनीं बुजविलीं होतीं. १९९५ पासून बाजूनें नवा मार्ग खोदून त्यांचा एक लहान भाग लोकांना पाहण्यास खुला केला आहे. आंत आजहि थंडी आहे. कांहीं दालनें झिरपलेल्या पाण्यानें भरलीं आहेत, आणि त्या पाण्याखालीं बाणांचे गंजलेले भाग अद्याप पडून आहेत.